सहा महिने गहू बंद, मग खपली सुरू? सीलिॲकच्या मुलाला हे चालत नाही

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: मुलाचं पोट फुगतं, वरचेवर जुलाब होतात, वजन वाढत नाही, म्हणजे त्याला गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन सोसत नाही. तपासण्यांवर पैसे घालवू नका, सरळ गहू बंद करा. दोष हल्लीच्या सुधारित गव्हाचा, पूर्वी हा आजार नव्हताच. सहा महिन्यांत आतडं भरून येतं, मग खपली गव्हापासून पुन्हा सुरुवात करा. अधूनमधून एखादा घास गेला तरी बिघडत नाही. दूध मात्र कायमचं बंद.

मला हा मजकूर पाठवणारी माणसं परकी नाहीत. माझ्या मुलीला सीलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याला इजा करते तो आजार, आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे, म्हणूनच ती पाठवतात. त्यांना मुद्द्याला मुद्दा देऊन उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं. त्यात खरं काय आहे ते आधी सांगते. सीलिॲकवर आज आहार हाच उपचार आहे. गोळी नाही, लस नाही. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य जेवणातून पूर्ण काढायचं, एवढंच. पण उपचार म्हटला की आधी निदान लागतं, मात्रा पुरी लागते आणि तो मध्येच सोडून चालत नाही. मजकुरात नेमक्या याच तीन गोष्टी उलट्या सांगितल्या आहेत.

"तपासणीची गरज नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पहिली तपासणी साध्या रक्ताची असते, टीटीजी-आयजीए नावाची. सीलिॲकमध्ये रक्तात वाढणारी प्रतिपिंडं ती मोजते. तिच्याबरोबर रक्तातलं एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) किती आहे तेही बघतात, कारण काही मुलांच्या अंगात ते मुळातच कमी असतं आणि मग पहिला आकडा फसवतो. आकडा वाढलेला आला की बहुतेकदा दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. आकडा मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली आणखी एक रक्ततपासणीही जुळली, तर मुलांमध्ये दुर्बिणीशिवाय निदान करता येतं, असं युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र हे सगळं मूल गहू खात असतानाच करायचं असतं. गहू थांबला की रक्तातली ती प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं सुधारू लागतं, आणि वर्षाने तपासलं तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो. मग मुलाला सीलिॲक आहे की नाही, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. खात्री करायची तर पुन्हा कित्येक आठवडे रोज गहू खायला घालून तपासावं लागतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत आणि वयात येण्याच्या काळात डॉक्टर शक्यतो ते टाळतात. म्हणजे आज तपासणीचे पैसे वाचवून पुढे मुलाच्या माथी एक न सुटणारी शंका मारायची, की आयुष्यभर हे पथ्य खरंच लागतं का?

शिवाय पोट फुगणं, जुलाब, वजन न वाढणं ही काही एकट्या सीलिॲकची लक्षणं नाहीत. जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग असू शकतो, आतड्याचा क्षय असू शकतो, क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असू शकतो, तान्ह्या बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. शौचातून रक्त जात असेल, पोट दुखून मूल रात्री झोपेतून उठत असेल, बारीक ताप राहत असेल आणि घरचे नुसता गहू बंद करून वाट बघत असतील, तर खरा आजार तेवढा काळ आत वाढतो.

याच्या उलट, सीलिॲक असूनही जुलाबाचं नाव नाही अशी मुलंही असतात. महिनोन्‌महिने लोहाचं औषध घेऊन हिमोग्लोबिन वर येत नाही, उंची वर्गातल्या इतर मुलांच्या मानाने मागे पडते, तोंड सारखं येतं, कधी तर चक्क बद्धकोष्ठ असतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं पाहणीत दिसलं आहे, दक्षिणेत तो बराच विरळा आहे. आपण भात-भाकरी खाणारे, आपल्याकडे हे नसतं, असा समज त्यामुळे पक्का झाला. पण आता कोकणातल्या घरांतही रोज पोळी होते आणि डब्यात बिस्किटं जातात. तेव्हा शंका यायला हवी आणि शंका आली की तपासायलाही हवं. (दीडशे-दोनशे पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' म्हणून विकली जाणारी आयजीजी तपासणी मात्र नको. एखादा पदार्थ पूर्वी खाल्ला गेलाय, एवढंच ती दाखवते. तिच्या जोरावर मुलाच्या ताटातून वीस पदार्थ काढलेले मी पाहिलेत.)

"पूर्वी हा आजार नव्हता, सुधारित गव्हाने आणला." ग्रीक वैद्य आरेटायस याने दुसऱ्या शतकात या आजाराशी जुळणारं वर्णन लिहून ठेवलं आहे. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये मुलांमधल्या या आजाराचं स्पष्ट वर्णन केलं आणि बरं व्हायचंच असेल तर ते आहारानेच, असंही म्हटलं. तेव्हा सुधारित बुटका गहू घडवणारे नॉर्मन बोरलॉग यांचा जन्मही झाला नव्हता. बुटक्या जातींचा गहू आपल्या शेतात आला तो १९६०च्या दशकात. हल्ली रुग्ण जास्त सापडतात यात रक्ततपासणी सोपी झाल्याचा मोठा वाटा आहे.

"खपली चालतो." खपलीबद्दल माझं काही वाकडं नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि खाली उत्तर कर्नाटकात पिकणारा हा जुना, चवीचा गहू आहे. खीर करावी तर त्याचीच. पण तो गहू आहे. मजकुरात त्याच्या नावाने जे सांगतात त्यात अर्धं सत्य असं: आपल्या नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, खपलीत दोनच, आणि न पचणारा एक फार त्रासदायक प्रथिनाचा तुकडा त्या तिसऱ्या संचातून येतो. तेवढा खपलीत नसतो. पण उरलेल्या दोन संचांतून येणारं ग्लायडिन, म्हणजे ग्लुटेनचाच एक भाग, सीलिॲकच्या आतड्याला इजा करायला पुरेसं आहे. खपलीत एकूण प्रथिनं तर बऱ्याचदा नेहमीच्या गव्हापेक्षा जास्तच भरतात. मधुमेह असलेल्या आजोबांना खपली मानवला असेल, तो प्रश्न वेगळा. सीलिॲकच्या नातीला तो द्यायचा नाही. बन्सीही नाही, जोडगहूही नाही, सेंद्रिय गहूही नाही.

"सहा महिन्यांत आतडं भरून येतं, मग सुरू करा." हा प्रयोग जगाने शंभर वर्षांपूर्वी करून पाहिला आहे. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ मध्ये या मुलांसाठी केळ्यांचा आहार मांडला. पाव, बिस्किटं, धान्यं बंद आणि पिकलेली केळी भरपूर. मरणाच्या दारातली मुलं बाळसं धरू लागली. गुण केळ्यांचा मानला गेला, आजार बरा झाला असं ठरलं आणि मुलं पुन्हा पाव खाऊ लागली. त्यांतल्या काहींना मोठेपणी तोच आजार घेऊन दवाखान्याची पायरी चढावी लागली. खरं कारण उलगडलं ते हॉलंडमध्ये. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीत तिथे पाव मिळेनासा झाला, माणसं ट्यूलिपचे कंद खाऊन जगली, आणि त्या उपासमारीत सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं.

आतडं भरून येतं हे खरंच आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बारीक अंकुर असतात. सीलिॲकमध्ये ते झिजून सपाट होतात आणि ग्लुटेन थांबलं की मुलांमध्ये पुन्हा उभे राहतात. पण ग्लुटेनला शत्रू मानणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी त्याची आठवण ठेवतात. सहा महिन्यांनी काय किंवा साठ वर्षांनी काय, गहू समोर आला की त्या कामाला लागतात. फसगत अशी होते की पुन्हा सुरू केल्यावर मूल लगेच आजारी पडेलच असं नाही. दहा-बारा वर्षांच्या पुढे लक्षणं कित्येकदा गप्प असतात, आत झीज चालू असते, आणि कळतं ते हाडं ठिसूळ झाल्यावर, पाळी लांबल्यावर किंवा उंची वाढायचं वय निघून गेल्यावर.

मग "माझ्या भाच्याचं सुटलं की" असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात गहू खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास लागतो. ती ॲलर्जी मोठं होता होता पुष्कळ मुलांची जाते. सीलिॲक जात नाही. दोन्हीला आपल्याकडे 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात, तिथून हा गोंधळ होतो.

"एखादा घास चालतो." इटलीतल्या कार्लो कतासी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पथ्य पाळणाऱ्या सीलिॲकच्या प्रौढांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं. तेवढ्यानेही आतड्याची हानी झाली. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. तिचे ५० तुकडे केले तर त्यांतला एक. तव्यावर, पोळपाटावर, परातीच्या कडेला रोज एवढं सहज उरतं.

खरी लढाई इथे, स्वयंपाकघरात आहे, आणि तीही पोळीशी नाही. पोळी दिसते, ती टाळता येते. न दिसणाऱ्या गव्हाचं काय? मूल आजारी पडलं की आपल्या घरात पहिली गोष्ट होते ती मऊ भात आणि मेतकूट. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात. डबीतला हिंग शुद्ध नसतो, डिंकाबरोबर त्यात पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि तो हिंग आपल्या प्रत्येक फोडणीत पडतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात गहू. ताकद यावी म्हणून दुधात घालतात त्या माल्टच्या पावडरीत जव, कशात गहूसुद्धा. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्यावी लागते. 'ग्लुटेन-मुक्त' लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

आणि गिरणी. ज्वारी स्वतः निर्दोष, पण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू ज्या चक्कीतून गेला तिच्यातच ती पडते, आणि पांढऱ्या स्वच्छ पिठात कणीक मिसळून घरी येते. आमच्याकडे म्हणून घरघंटी आहे, तिच्यात गव्हाचा दाणा कधी टाकलेला नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी गिरणीत उपवासाच्या पिठाला वेगळी चक्की आहे का ते विचारावं, किंवा ओळखीतल्या दोन घरांत मिळून एक घरघंटी घ्यावी.

सगळ्यात कठीण असतो तो प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. "अगं, देवाचं आहे, कणभर देते, काही होत नाही," असं म्हणणाऱ्या आजीचा हात अडवणं सोपं नसतं. पण अडवावाच लागतो. मुलीसाठी केळं ठेवा, साखर-खोबरं ठेवा. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना आधी सांगितलं तर तेच म्हणतात, पोरीला पंचामृत द्या.

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत. युरोपात या मुलांना महागडा वेगळा पाव शोधावा लागतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, सगळ्या उसळी उघड्या आहेत. भाकरी, घावन, आंबोळी, मोदक यांना हात लावायचं कारण नाही. बाजारातली ग्लुटेन-मुक्त बिस्किटं खाऊन मुलं नुसती साखर आणि स्टार्चवर वाढतात. त्यापेक्षा नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ केव्हाही बरी.

"दूध कायमचं बंद." दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य त्या अंकुरांच्या टोकाशी तयार होतं. अंकुर झिजले की सुरुवातीला दूध सोसत नाही, ते उभे राहिले की बहुतेक मुलांना पुन्हा चालू लागतं. मधल्या काळात दही-ताक बऱ्याच जणांना पचतं. ज्या मुलाची हाडं आधीच कमकुवत आहेत त्याचं दूध कारणाशिवाय आयुष्यभर बंद करणं चुकीचं आहे.

ग्रुपवरचा तो मजकूर वाचून कोणी गहू आधीच बंद केला असेल तर आता घाबरून लगेच पोळी सुरू करू नका आणि आणखी सहा महिने वाटही बघू नका. बंद केल्याची तारीख लिहून ठेवा आणि याच आठवड्यात मुलाच्या डॉक्टरांना गाठा. प्रतिपिंडं उतरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे रक्तात अजून सापडू शकतात. नाही सापडली तर डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची तपासणी असते. ही जनुकं पुष्कळ निरोगी लोकांतही सापडतात, म्हणून असल्याने निदान होत नाही. पण दोन्ही नसली तर सीलिॲकची शक्यता जवळपास मिटते, आणि ही तपासणी गहू बंद असतानाही करता येते. भावंडांचं रक्तही त्याच वेळी तपासून घ्या, त्यांचा गहू बंद करण्याआधी.