फेरफारातली मोकळी ओळ : साताऱ्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा मनाला लागली. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं निम्मं पटलं. उरलेलं निम्मं मला काळजीत टाकणारं आहे, म्हणून खाली दोन ओळींत आभार मानून थांबण्याऐवजी सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तिचा गोषवारा. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की चित्रासोबत मिळणारं, ते खरं असल्याचं सर्टिफिकेट म्हणजे पुरावा नव्हे, आणि कागद नसलेलं चित्र विकत घेऊ नये. त्यावर काकांचं म्हणणं असं: 'आपल्याकडे कोणी पावत्या जपल्या? माझ्या घरी चित्रकार म. वि. धुरंधरांची सही असलेलं जलरंगातलं चित्र आहे. आजोबा औंध संस्थानात कारकून होते, तिथूनच ते मिळालं असं घरात बोलतात. तुमच्या नियमानं आमचं चित्र खोटंच ठरणार. विकून देणारे गृहस्थ म्हणतात, आजोबांना ते १९३८ मध्ये खुद्द धुरंधरांनी भेट दिलं असं प्रतिज्ञापत्र करून द्या, म्हणजे काम होईल. चित्र खरंच आहे, मग एक कागद केला तर काय बिघडलं? हवं तर लॅबमध्ये तपासा. तुम्ही लोक घरच्या माणसांवर संशय घेता आणि परदेशी लिलाववाल्यांवर विश्वास ठेवता.'

आधी माझी चूक कबूल करते. 'कागद नसलेलं चित्र घेऊ नये' हे वाक्य मी घेणाऱ्यासाठी लिहिलं होतं, पण ते ज्यांच्या घरात चित्र आहे त्यांनाही जाऊन लागलं. कागद नाही म्हणून चित्र खोटं, असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. जुनी कागदावरची चित्रं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी चांगल्या चित्रांसोबत कागदाचा एक कपटाही नव्हता.

पण काका, ते प्रतिज्ञापत्र करू नका.

तुम्ही सातारचे, म्हणून तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. जमीन घेताना शहाणा माणूस नुसता आजचा सातबारा बघत नाही. तो मागचे फेरफार काढतो. कोणाकडून कोणाकडे, कधी, खरेदीनं की वारसानं, प्रत्येक नोंदीला मागची नोंद जुळते का, हे बघतो. चित्राचंही तसंच. चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजच्या भिंतीपर्यंत ते कुठे कुठे होतं याची साखळी लावायची. सर्टिफिकेट म्हणजे फार तर आजचा उतारा. त्यावर सोनेरी शिक्का असला तरी मागचे फेरफार आपोआप तयार होत नाहीत. आणि जुन्या जमिनीच्या फेरफारात एखादी ओळ मोकळी असेल तर वकील ती तशीच दाखवतो, कारण तिथे खोटी नोंद घुसवली की वादात सगळा उताराच आडवा होतो. तुमच्या चित्राच्या बाबतीत तुम्हाला नेमकं तेच करायला सांगितलं जातंय.

हे मी उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या आसपास जॉन ड्रू नावाच्या माणसानं हाच धंदा केला. जॉन मायट हा चित्रकार त्याला जॅकोमेत्ती, बेन निकोलसन अशा मोठ्या नावांची चित्रं काढून द्यायचा. रंग कसले, तर घराच्या भिंतीला देतात तसले इमल्शन. जाणकारानं नीट बघितलं असतं तर संशय यावा अशी चित्रं होती ती, आणि अशी सुमारे २०० निघाली. खपली कशी? ड्रूनं चित्रांपेक्षा जास्त मेहनत कागदांवर घेतली म्हणून. त्यानं लंडनच्या टेट संग्रहालयाला २०,००० पौंडांची देणगी दिली, अभ्यासक म्हणून तिथल्या दप्तरखान्यात जायची सोय करून घेतली, आणि तिथून काही चोरण्याऐवजी उलट स्वतः बनवलेले कागद आत ठेवून आला. जुन्या मालकांची पत्रं, पावत्या, प्रदर्शनांच्या बदललेल्या याद्या. पुढे कोणी खात्री करायला गेलं की संग्रहालयाच्या फायलीतच पुरावा सापडायचा. १९९९ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. चित्रं मात्र सगळी परत मिळाली नाहीत आणि त्या दप्तरातल्या खऱ्या कागदांवरही संशयाची सावली पडली. एका माणसाच्या खोट्यानं दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या पत्राची किंमत गेली, याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

तुमचा हेतू ड्रूसारखा नाही, हे मला माहीत आहे. तुमचं चित्र खरंही असेल. पण कागद वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही, त्याला मजकूर दिसतो. आणि तुमच्या मजकुरात काय असणार? १९३८ साली धुरंधरांनी स्वतः भेट दिलं, असं. हे तुम्ही पाहिलेलं नाही, घरात कोणी सांगितलेलंही नाही. घरात सांगतात ते 'औंधहून मिळालं'. विकून देणाऱ्याला ते पुरेसं भारदस्त वाटलं नाही म्हणून त्यानं औंध पुसून चित्रकाराचा हात आणून बसवला. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, ते सोडाच. माझं दुःख वेगळं आहे. तुमच्याकडे एक खरा धागा आहे आणि तोच तुम्ही कापायला निघाला आहात.

औंध हा किती जिवंत धागा आहे बघा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, चित्रकारांना कामं द्यायचे. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात आजही धुरंधरांची चित्रं आहेत. धुरंधर १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतून निवृत्त झाले आणि १९४४ मध्ये वारले. म्हणजे आजोबांची औंधातली नोकरीची वर्षं या काळाशी जुळतात का, हा पहिलाच प्रश्न तपासण्याजोगा आहे. नेमणुकीचा हुकूम, पगाराची नोंद, औंधहून घरी आलेलं एखादं पत्र, यातलं काही ट्रंकेत असेल तर शोधा. त्यातून चित्र सिद्ध होणार नाही. पण 'घरात असं म्हणतात' याला बसायला एक पाट मिळेल.

आता लॅबबद्दल. लॅबचं काम काय असतं ते एका उदाहरणानं सांगते. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ फ्रेममधलं जलरंगातलं चित्र घेऊन आले. सोबत जाड कागदावरचं सर्टिफिकेट, त्यात साल १९३० च्या आधीचं. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला, चित्र बाहेर घेतलं. कडा अगदी स्वच्छ, माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांच्या रंगात काहीच फरक नाही. जुन्या चित्रात उघडा भाग पिवळटलेला असतो आणि माउंटखालची पट्टी उजळ राहते. मग खोलीतला दिवा बंद केला आणि अतिनील टॉर्च लावली. कागद निळसर पांढरा पेटून उठला, ऑर्केस्ट्राच्या जांभळ्या दिव्यात पांढरा शर्ट उठतो तसा. कपड्यांच्या साबणात असतात तशी उजळवणारी रसायनं कागदात घालायला सुरुवात झाली ती १९५० च्या सुमारास. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. ते काही बोलले नाहीत, फक्त सर्टिफिकेट घडी घालून खिशात ठेवलं.

पण समजा तो कागद पेटला नसता, जुन्या कागदासारखा मंद पिवळट राहिला असता, तर काय ठरलं असतं? इतकंच की कागद जुना असू शकतो. जुन्या वह्यांचे कोरे कागद आजही मिळतात. लॅब 'नाही' ठामपणे सांगू शकते. 'होय, हे अमक्याचंच' हे तिला एकटीला सांगता येत नाही. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकी या बनावट चित्रं काढणाऱ्याचं प्रकरण याच गोष्टीवर फिरलं. कॅम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावानं त्यानं काढलेलं, १९१४ चं म्हणून दाखवलेलं चित्र २००६ मध्ये २८ लाख युरोंच्या वर गेलं. मग तपासणीत टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला, जो १९१४ मध्ये चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. तयार ट्यूबमध्ये तो मिसळलेला होता आणि लेबलवर लिहिलेला नव्हता. ती एक ट्यूब त्यानं वापरली नसती तर? मागच्या बाजूला जुन्या संग्रहाचं बनावट लेबल होतंच. शिवाय बायकोला आजीसारखे कपडे घालून, भिंतीवर ती चित्रं लावून, जुन्या फोटोकागदावर 'आजीच्या घरचा' फोटोही त्यांनी छापून ठेवला होता.

म्हणून कागद, जाणकाराची नजर आणि रंग-कागदाची तपासणी, या तिन्हींना एकमेकांची उलटतपासणी घेऊ द्यावी लागते. नजरेबद्दल एवढंच सांगते की दिल्लीत २००९ मध्ये चित्रकार सय्यद हैदर रझांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं आणि ते बघायला आलेल्या खुद्द रझांना यातली बरीचशी आपली नाहीत असं म्हणावं लागलं. धुरंधर आज सांगायला येणार नाहीत. आणि घरच्या माणसावर संशय, परदेशी लिलाववाल्यांवर विश्वास, हा तुमचा आरोप मला मान्य नाही. ड्रू आणि बेल्ट्राकी ही दोन्ही प्रकरणं तिकडचीच आहेत, आणि तिथले भले भले कागद बघूनच फसले.

तुमच्या चित्रासाठी काय करायचं ते आता सांगते. विकून देणाऱ्याला थोडं थांबायला सांगा. चित्र भिंतीवरून उतरवा, पुढून-मागून, उजेडात, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. फ्रेम उघडू नका, नवी करायला तर मुळीच देऊ नका. अशा कामात मागचा जुना पुठ्ठा आणि लेबलं कचऱ्यात जातात आणि त्यासोबत साखळीची एक कडी जाते. पाठीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा पत्ता वाचा. 'मुंबई ४' असा जुना आकडा असेल तर ती बहुधा १९७२ मध्ये पिनकोड येण्याआधीची. मागच्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर तारीख टिपा. हे सगळं फ्रेमचं वय सांगतं, चित्राचं नाही, पण तेही हवं असतं. साधं भिंग सहीवर आणि रंगावर धरा. सारख्या अंतरावर ओळीनं ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्या काळात छापील चित्रंही हौसेनं फ्रेम करून लावत.

मग घरातले जुने फोटो काढा, मुंजीचे, लग्नाचे, बारशाचे. माणसांकडे बघू नका, मागच्या भिंतीकडे बघा. बेल्ट्राकीनं फोटोही बनवला हे खरं, पण तुमच्या घरचा लग्नाचा फोटो चुलत्यांकडे, मामांकडे, आत्यांकडे वेगवेगळ्या प्रतींत असेल. चार घरांतल्या चार अल्बमांत कोणी खोटं पेरत नाही.

सापडेल ते आणि सापडणार नाही तेही वहीत लिहा. 'वडिलांच्या लग्नाच्या फोटोत भिंतीवर दिसतं. त्याआधीचं माहीत नाही. औंधहून आल्याचं आत्या सांगतात.' असं तारीख घालून, तुमच्या सहीनं लिहा. 'माहीत नाही' हे दोन शब्द बघून घेणारा थोडा कमी पैसे देईल, कदाचित. पण उद्या औंधच्या दप्तरात किंवा आणखी कुठे एखादी नोंद निघाली तर ती तुमच्या वहीतल्या मोकळ्या ओळीत बरोबर बसेल. भेटीची गोष्ट तिथे आधीच लिहिलेली असेल तर हीच खरी नोंद तुम्हाला खोटं ठरवेल.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही कऱ्हाडच्या ८६ वर्षांच्या आत्यांचा उल्लेख केला आहे. सगळ्यात आधी त्यांच्याकडे जा, या आठवड्यातच जा. फोन रेकॉर्डिंगला लावा आणि चित्र कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीवर होतं, ते घरात आलं तेव्हा त्या केवढ्या होत्या, कोणी आणलं, हे विचारा. धुरंधरांचं नाव तुम्ही आधी काढू नका. १९३८ ही सुचवू नका. त्यांना त्यांच्या आठवणीनं बोलू द्या, आणि काय म्हणाल्या ते मला कळवा.