सांडपाण्याचे तलाव मे महिन्यात तळापर्यंत उपसू नका

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. "पंचगंगेकाठी मोठे तलाव काढा आणि शहराचं सांडपाणी त्यात सोडा. मे महिन्यात ते तळापर्यंत रिकामे करा, म्हणजे अख्खा पावसाळा त्यात मावेल. तरीही भरले तर पुरात दार उघडा, एवढ्या पाण्यात घाण कुठल्या कुठे जाईल." पाठवणाऱ्यांना नदीची काळजी आहे, यात शंका नाही. पण अशा तलावांच्या देखरेखीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"पावसाळा मावेल" याचा हिशेब करू. एक हेक्टर तलावात एक मीटर पाणी म्हणजे 1 कोटी लिटर. कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता रोजची 7.6 कोटी लिटर आहे (ते केंद्र तलावांवर नव्हे, यंत्राने हवा सोडणाऱ्या टाक्यांवर चालतं). तेवढं पाणी एक दिवस अडवायला 7.6 हेक्टर तलाव लागेल, चार महिने अडवायला 900 हेक्टरांहून जास्त. नदीकाठच्या कुणाच्या उसातून ही जमीन काढणार?

खरी चूक "तळापर्यंत रिकामे करा" या शब्दांत आहे. सांडपाण्याचा तलाव ही नुसती साठवणीची टाकी नसते. वरच्या थरात शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं, त्यावर जिवाणू घाण खातात. तळाच्या गाळात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू आपलं काम करतात. हे दोन्ही थर टिकायला साधारण दीड मीटर खोली लागते. पाणी दोन फुटांखाली गेलं की ऊन तळापर्यंत पोचतं, पाणकणीस माजतं, त्यात डास होतात. तलाव पार कोरडा पडला तर तळाची चिकणमाती भेगाळते आणि पुढचं मैलापाणी त्या भेगांतून आसपासच्या विहिरींत उतरतं. प्लास्टिकचं अस्तर असेल तर आणखी वाईट. नदी चढली की काठचं भूजलही चढतं आणि अस्तराला खालून रेटतं. वर पाण्याचं वजन नसेल तर अस्तर फुगून वर येतं, सांधे उसवतात. घाईने उपसलेल्या एका तलावाचा काठ आत ढासळताना मी स्वतः पाहिलाय: आतलं पाणी झपाट्याने उतरलं, पण भरावात मुरलेलं पाणी तिथेच राहिलं आणि ओली माती आपल्याच भाराने घसरली. तो काठ दुरुस्त होईपर्यंत गावाचं सांडपाणी थेट ओढ्यात जात होतं.

शिवाय ढगाळ दिवसांत शेवाळ मंदावतं, म्हणून पावसाळ्यात पाणी तलावात जास्त दिवस राहायला हवं. मजकूर मात्र भरलेले तलाव पुरात सोडून द्यायला सांगतो, म्हणजे नेमकं उलट.

मग पातळी उतरवायचीच नाही का? उतरवायची, पण बेताने. बंधाऱ्याचे बरगे कसे काढतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तलावाच्या निकासालाही तशाच फळ्या असतात. रोज थोडे इंच, तळाचा गाळ न ढवळता, प्रक्रिया झालेलं मधल्या थरातलं पाणी सोडायचं. काठाशी निदान दीड-दोन फूट जागा मोकळी राखायची, कारण 100 मिलिमीटर पाऊस थेट तलावावर पडला की हेक्टरी 10 लाख लिटर पाणी वाढतं.

आता "पुरात दार उघडा". पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वेळी काठच्या तलावाचं दार पाण्याखाली असतं. ते उघडलं तर नदीच आत शिरते आणि पूर ओसरताना वर्षानुवर्षांचा गाळ, जंतांच्या अंड्यांसकट, सोबत घेऊन जाते. पुरात घाण पातळ झाली म्हणून ती अंडी मरत नाहीत. ते पाणी नदीच्या खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात लोकांच्या घरांत कित्येक दिवस उभं राहतं. इचलकरंजीत 2012 साली दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, ती सोसलेल्या घरांना "घाण कुठल्या कुठे जाईल" हे सांगून बघा.

आणि मे महिन्यात नदीत प्रवाह असतो कुठे? बंधाऱ्यांत तुंबलेली घाण पहिल्या पाण्याबरोबर खाली जाते आणि तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो. मजकुरातला सल्ला मानला तर त्याच महिन्यात, त्याच पाण्यात, आपण तलावांच्या तळाची घाणही ओतणार आहोत.