मोकळीक

आज सकाळी सोसायटीच्या गेटवर एका काकांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मानलं बुवा तुला, मिसेसला चांगली मोकळीक दिलीयेस!" मी हसलो. दोन्ही हातात दुधाच्या पिशव्या होत्या, भांडायला हात रिकामा नव्हता. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना म्हणून आता लिहितोय.

मोकळीक?? माझी बायको 47 वर्षांची आहे. नववीला गणित शिकवते, घराचा अर्धा हप्ता भरते, पहाटे साडेचारला उठून नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळायला जाते. दावणीला बांधलेली होती का, की मी दोर सोडला?

तीन आठवड्यांनी मुंबईची फुल मॅरेथॉन आहे, तिची पहिलीच. 42.195 किलोमीटर. मी आपला बेचाळीस म्हणतो, ती 195 मीटर सोडत नाही, गणिताची बाई.

आता तो त्र्यंबक रोडचा किस्सा सांगतोच. मागच्या महिन्यात 32 किलोमीटरचा सरावाचा रन होता. ही पुढे पळतेय, मागून अ‍ॅक्टिवावर मी, पाण्याच्या बाटल्या घेऊन, कानटोपी घालून. जाताना मस्त. परत येताना पिंपळगाव बहुल्याजवळ, 26 झाले असतील, ही अचानक रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. कानशिलावर घामाचं मीठ वाळून पांढरं झालेलं. बूट काढला, मोजा काढला, अंगठ्याचं नख काळंनिळं. आणि मी, ज्याने म्हणे मोकळीक वगैरे दिलीये, मी काय बोललो? "बस गाडीवर. कुणाला कळणारे?"

तिने माझ्याकडे फक्त बघितलं. मोजा चढवला, लेस बांधली आणि निघाली. सातपूरपर्यंत मी तिच्यामागे इतक्या हळू गाडी चालवली की दोनदा पाय टेकवावा लागला. दोन दिवस घरात "मीठ दे" पलीकडे संवाद नव्हता.

हे काकांना माहीत नाही. त्यांच्या दृष्टीने मी हिरो.

मी वीस वर्षं दर रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळायला जायचो, येताना मिसळ चापून दुपारी एकला घरी. पोरगी लहान होती, हिची पाठ धरलेली असायची. तेव्हा कुणी हिला गेटवर अडवून म्हणालं का, वहिनी, नवऱ्याला काय मोकळीक दिलीये तुम्ही? एकाने? मीसुद्धा नाही, हे पण लिहून टाकतो.

आणि ते "या वयात?" म्हणणारे! पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला याच त्र्यंबक रोडने साठ-साठ वर्षांच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन मैलोन् मैल चालत जातात, त्यांना आपण वाकून नमस्कार करतो, चहा देतो. विचारतो का गुडघ्याचं? मग हिने बूट घातले की लगेच सगळे ऑर्थोपेडिक कसे होतात? आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 ला कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ आणलं तेव्हा आपण केवढे फुगलो होतो. पण शेजारची बाई टाइट्स घालून लिफ्टमध्ये आली की माना वळतात. आणि बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली तीच मुळी 1984 ला, मी चौथीत होतो तेव्हा. तेव्हाही कुणीतरी मोकळीकच दिली असेल म्हणा.

बरं, डॉक्टरला दाखवल्याशिवाय चाळिशीनंतर असलं काही सुरू करू नये, हे मान्य. आम्ही दाखवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या झाल्या. विषय संपला.

जरा चहा घेऊन आलो, आता डोकं शांत आहे. त्या रनचं एक सांगायचं राहिलं, खरं तर टाळत होतो. तीस किलोमीटरच्या आसपास अंगातली साठवलेली साखर संपत येते, पळणारे त्याला वॉल म्हणतात, पाय शिशाचे होतात. म्हणून मध्ये मध्ये गोड खात राहायचं असतं. पळणारे त्यासाठी पाकिटातलं गोड एनर्जी जेल घेतात, हिला ते पचत नाही, ही गूळ-शेंगदाण्याची चिक्की खाते, छोटे तुकडे करून. ते तुकडे तिने रात्रीच डबीत भरून ठेवले होते. ती डबी घ्यायचं काम माझं होतं, आख्ख्या रनमध्ये माझं तेवढंच एक काम. डबी फ्रिजवर राहिली. वाटेत तिने दोनदा मागितली, मी म्हटलं पाणी पी. म्हणजे तिला कठड्यावर बसवलं मीच, आणि वर गाडीवर बस म्हणणाराही मीच. ती याबद्दल आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुंबईसाठी मला सूचना मिळाल्यात. पेडर रोडच्या चढावर उभं राहायचं. "कसं वाटतंय" विचारायचं नाही. किती राहिलं तेवढं सांगायचं, आणि बरोबर सांगायचं, "आलंच आता" नाही.

उद्या 20 चा रन आहे. ती नऊलाच झोपली. आत्ता ओट्यावर डबी बघितली तर रिकामी, खाली चिठ्ठी, "चिक्की संपली, आणशील?" दुकान दहाला बंद होतं, पावणेदहा झालेत. कमेंट्सना उत्तरं आल्यावर देतो.