व्हिडिओ बघून झाला, पुढे काय?

ट्रेनिंग व्हिडिओचं काम बहुतेक वेळा एका वाक्यात येतं: "या विषयावर पाच-दहा मिनिटांचा एक व्हिडिओ करून द्या." सोबत जाडजूड पीपीटी असते आणि कधीपर्यंत हवाय ती तारीख असते. व्हिडिओ बघून झाल्यावर माणसाला नक्की काय करता यायला हवं, हे त्या मेलमध्ये कुठेच नसतं. मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे लोकांना काम शिकवणारं ट्रेनिंग आखते, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

बऱ्याच जणांना वाटतं की मजकूर तयार असतो आणि आम्ही त्याला चित्रं, आवाज, हालणारे बाण लावून देतो. या समजुतीचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्यातून जे व्हिडिओ तयार होतात ते लोक निमूटपणे बघतात, शेवटच्या बटणावर क्लिक करतात, एलएमएसवर (ट्रेनिंगची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नावापुढे हिरवी खूण उमटते आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसल्यावर शेजारच्याला विचारतात, "हे कसं करायचं रे?" बघणाऱ्याचा वेळ गेला, बनवणाऱ्याची मेहनत गेली आणि ज्याला विचारलं त्याचंही काम थांबलं.

शिकवण्यासाठी व्हिडिओ हे माध्यम फार जपून वापरावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. बघताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि ते वाटणं बऱ्याचदा खोटं असतं. शाना कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता, तिरंगी ठिपक्यांच्या मांजरी जवळजवळ नेहमी माद्याच का असतात. मिनिटभराचे दोन व्हिडिओ, शब्द तेच. एकात शिकवणारी व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघत सफाईने बोलते. दुसऱ्यात कागदात डोकं घालून, अडखळत वाचते. सफाईदार व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटलं की आपल्या बरंच लक्षात राहील. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले.

2018 मध्ये मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी याच्याही पुढचं दाखवलं. कपबशा मांडलेल्या टेबलावरचं कापड झटक्यात ओढून काढायचं, हाताने फेकायचा छोटा बाण (डार्ट) नेमका फळीवर मारायचा, अशा कौशल्यांचे व्हिडिओ काहींना एकदा दाखवले, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास चांगलाच वाढला. पण बाण हातात दिला तेव्हा त्यांचा नेम एकदाच बघणाऱ्यांपेक्षा बरा नव्हता. बाण हातात घेतल्यावर तो किती जड वाटतो, सोडताना मनगट कुठे वळतं, हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून कुणी "व्हिडिओ एकदम मस्त झालाय, सगळं समजलं" म्हणालं की मला बरं वाटतं, पण तेवढ्यावर मी समाधान मानत नाही. समजलं असं वाटणं आणि काम जमणं या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी मला पगार मिळतो, असं मी मानते.

हे अंतर भरायची सुरुवात विषयतज्ज्ञाच्या शेजारी बसून होते. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या पैशांची परतफेड कशी नोंदवायची हा विषय आहे. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या मॅडम मला दाखवतायत. "इथे ग्राहक क्रमांक टाकायचा. बिल निवडायचं. रक्कम आपोआप येते. कारण निवडायचं, सेव्ह. झालं." मिनिटभरात संपलं. सोपं आहे हो, एवढ्यासाठी ट्रेनिंग कशाला, असंही त्या म्हणतात. मी स्क्रीन रेकॉर्डिंग मागे घेऊन हळू गतीने लावते. सेव्ह करण्याआधी कर्सर वरच्या कोपऱ्यातल्या तारखेपाशी गेला होता, क्षणभर थांबला होता आणि खाली आला होता.

"मॅडम, इथे काय बघितलंत?"

"कुठे? अच्छा, ते होय. बिल मागच्या महिन्यातलं असेल तर इथून करायचं नाही ना. मग ते अकाउंट्सकडे पाठवावं लागतं."

ही गोष्ट पीपीटीत नव्हती. मॅडमनी सांगितलेल्या पायऱ्यांत नव्हती. कारण त्यांच्यासाठी ती आता पायरीच उरलेली नाही, नजर आपसूक तिकडे जाते. आणि नवा माणूस चुकणार तो नेमका इथेच. बिल निवडणं, कारण निवडणं त्याला स्क्रीनकडे बघून कळेल. तारीख बघायची असते हे त्याला कुठलाच स्क्रीन सांगणार नाही. तज्ज्ञ माणूस जेवढा मुरलेला तेवढं त्याच्या तोंडून कमी येतं, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना बोलतं करणं, मुका क्षण पकडून तिथे प्रश्न विचारणं हे डिझायनरचं काम, आणि पीपीटी मेलवर पाठवून ते होत नाही. म्हणून मी तज्ज्ञाचा वेळ मागते तेव्हा "सगळं पीपीटीत आहे" हे उत्तर मला पुरत नाही.

ही तारखेची गोष्ट सापडली की व्हिडिओचं रूपच बदलतं. आता पायऱ्या क्रमाने सांगत बसायची गरज नाही. दोन बिलं दाखवायची, एक या महिन्यातलं, एक मागच्या. व्हिडिओ थांबवायचा आणि बघणाऱ्याला विचारायचं की यातलं कुठलं तुम्ही इथून नोंदवाल. त्याला उत्तर देऊ द्यायचं, मग पुढे जायचं. आणि मागच्या महिन्याचं बिल चुकून नोंदवलं तर पुढे काय घडतं, तेही पूर्ण दाखवायचं: नोंद अडकते, ग्राहकाचा फोन येतो, उलट नोंद करून घ्यावी लागते.

रिव्ह्यूमध्ये यावर हमखास शेरा येतो: "इथे गोंधळ वाटतोय, सरळ बरोबर पद्धत सांगून टाका." या शेऱ्यापुढे मी सहसा मान तुकवत नाही. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या 2008 च्या पीएचडी प्रबंधात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर नेमकं हेच तपासलं होतं. स्वच्छ, सरळ समजावून सांगणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना स्पष्ट आणि सोपा वाटला, पण त्यांच्या चुकीच्या समजुती फारशा हलल्या नाहीत. दुसऱ्या व्हिडिओत त्याच चुकीच्या समजुती संवादातून मांडून मग खोडल्या होत्या. तो बघताना डोक्याला जास्त ताण पडला असं विद्यार्थी म्हणाले आणि शिकलेही तेच जास्त. तो ताण मला हवा असतो. जो ताण नको असतो तो वेगळा: पडद्यावर एकाच वेळी फिरणारा लोगो, पाठीमागे संगीत, कोपऱ्यात हात हलवणारं कार्टून आणि मधोमध सात ओळींचा मजकूर, जो निवेदक शब्दशः वाचून दाखवतोय.

हा दुसरा ताण कसा कमी करायचा याचं ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. जॉन स्वेलर यांनी 1988 पासून मांडलेला आकलनभाराचा सिद्धांत आणि रिचर्ड मेयर यांची मल्टिमीडिया शिक्षणाची तत्त्वं हे आमच्या क्षेत्राचं पायाभूत वाचन आहे. डोक्यात एका वेळी मावणारी माहिती फारच थोडी असते, त्यामुळे विषयाशी संबंध नसलेली प्रत्येक गोष्ट जागा अडवते. चित्र दाखवत असाल तर ते आवाजाने समजवा, तोच मजकूर पुन्हा पडद्यावर छापू नका. ज्या शब्दाला बाण हवा त्याच शब्दाला बाण येऊ द्या, दोन सेकंद उशिरा नको. ऐकू न येणाऱ्यांना किंवा निवेदनाची भाषा परकी असणाऱ्यांना मजकुराची गरज असते, त्यांच्यासाठी सबटायटल्स चालू-बंद करायची सोय द्यायलाच हवी. त्यात काटकसर करू नये.

कापाकापी हा तर माझ्या कामाचा मोठा हिस्सा. सुरुवातीचा फिरता लोगो, "या व्हिडिओमध्ये आपण शिकणार आहोत" ही सहा मुद्द्यांची यादी, विभागाचा इतिहास, वरिष्ठांचे दोन शब्द. वरिष्ठांचे दोन शब्द कापणं अवघड जातं, पण विचारून बघावं. "हे वेगळ्या मेलमध्ये पाठवलं तर तुमचं म्हणणं जास्त लोक नीट वाचतील," असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. स्क्रिप्ट मी मोठ्याने वाचते, जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडते. "सदर प्रणालीचा वापर करताना वापरकर्त्याने काळजी घेणे आवश्यक आहे" हे कागदावर खपतं, कानाला खपत नाही. "सेव्ह करण्याआधी तारीख बघा" एवढंच लागतं. मिनिटाला साधारण 130 ते 150 शब्द हा सर्वसाधारण निवेदनाचा वेग धरला, तर पाच मिनिटांत फार तर साडेसातशे शब्द बसतात, आणि त्यातही गप्प राहायला जागा हवी. बघणाऱ्याला पडदा बघू द्यायला गप्प राहावं लागतं.

लांबीबद्दल थोडं. 2014 मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या 862 व्हिडिओंची, सुमारे 69 लाख वेळा बघितल्याची माहिती तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोकांच्या बघण्याच्या वेळेचा मध्यक (निम्मे त्याहून कमी, निम्मे जास्त) फार तर सहा मिनिटं होता. तेव्हापासून "सहा मिनिटांच्या आत बसवा" हा जणू कायदा झाला. मला तो अर्धवट वाटतो. तो अभ्यास लोक किती वेळ बघतात याचा होता, किती शिकतात याचा नव्हता. वीस मिनिटांच्या रटाळ व्याख्यानाचे चार तुकडे केले की चार रटाळ तुकडे होतात. तुकडा पाडायचा तो कामाच्या सांध्यावर, जिथे माणूस थांबून हातातलं काही करून बघू शकतो.

आणि ते "करून बघणं" व्हिडिओच्या आतच घालता येतं, पण त्याला सगळ्यात आधी कात्री लागते, कारण वेळापत्रकात ते शेवटी येतं. रोडिगर आणि कारपिके यांच्या 2006 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. ट्रेनिंगच्या शेवटी लगेच क्विझ घेऊन सगळ्यांना नव्वद टक्के मिळाले म्हणून आपण खूश होतो, तेव्हा आपण ती पाच मिनिटांची चाचणी बघत असतो.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना एक कळकळीची विनंती. "लोकांना वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के, केलेलं 90 टक्के लक्षात राहतं" ती स्लाइड आता काढून टाका. शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 मध्ये शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणारी शंकूची जी आकृती काढली त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. तसंच "अमुक माणूस बघून शिकणारा, तमुक ऐकून शिकणारा" या वर्गवारीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही, हे 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी पुरावे तपासून सांगितलं. आपण लोकांना काम कसं करावं हे शिकवतो. मग आपल्या कामामागची कारणं तरी खरी असायला नकोत का?

मोजमापाचंही तेच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून ट्रेनिंगच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, त्याचा परिणाम काय झाला. आपली बहुतेक गाडी पहिल्या स्टेशनातच उभी असते. तिसऱ्या टप्प्यासाठी फार मोठं काही लागत नाही. परतफेडीच्या उदाहरणात, ट्रेनिंगनंतर महिन्याभराने अकाउंट्सला विचारायचं, चुकीच्या तारखेच्या नोंदी अजून तेवढ्याच येतायत का? एक फोन पुरतो. आणि कधी कधी त्या फोनवरून कळतं की व्हिडिओपेक्षा सॉफ्टवेअरमध्येच जुनं बिल निवडल्यावर एक सूचना दाखवली असती तर भागलं असतं. तसं असेल तर तसं सांगावं, आपलं काम एकाने कमी झालं तरी. टेबलाशेजारी लावलेला अर्ध्या पानाचा कागदसुद्धा पुष्कळदा सात मिनिटांच्या व्हिडिओहून उपयोगी असतो, कारण तो हवा तेव्हा नजरेसमोर असतो आणि बटणाची जागा बदलली की दहा मिनिटांत सुधारता येतो.

जे लोक व्हिडिओचं काम देतात, मॅनेजर असोत, एचआर असो, त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये एडिटिंगच्या आधी अर्धा दिवस लिहून ठेवा. कच्चा व्हिडिओ असेल, हाताने काढलेल्या चौकटी, आवाज डिझायनरचाच. हे काम आजवर कधीच न केलेले चार-पाच जण आम्हाला द्या. ते व्हिडिओ बघतील, मग आम्ही त्यांच्यापुढे खरी स्क्रीन ठेवून म्हणू, "आता हे बिल नोंदवा," आणि मागे बसून बघू. कुणाचा हात कुठे अडतो, कोण व्हिडिओ पुन्हा मागे घेतो, कोण तारखेकडे न बघता सरळ सेव्ह करतो, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं. स्क्रिप्टची दोन वाक्यं तेव्हा बदलायला पाच मिनिटं लागतात. व्हॉइसओव्हर, अ‍ॅनिमेशन, सबटायटल्स सगळं झाल्यावर त्याच दोन वाक्यांसाठी आठवडा जातो, आणि मग "जाऊ दे, राहू दे तसंच" असं ठरतं.