पाच वर्षांचा मुहूर्त आणि सहाव्या आवृत्तीची अफवा

गेल्या आठवड्यात भाच्याने मला एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, "मामा, मग २०२९पर्यंत थांबू का?" अकरावीतला हा मुलगा आणि त्याचे चार मित्र गेले काही महिने दर रविवारी दुपारी माझ्या बहिणीच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा साहसखेळ खेळतात. नियमांचा जो भाग मोफत मिळतो त्याच्या झेरॉक्सवर, कोणाकडे २०१४ची तर कोणाकडे २०२४ची, त्यांचे आजवर भागत आले. आता पाचांनी वर्गणी काढून 'प्लेयर्स हँडबुक' हे खेळाडूंचे मुख्य नियमपुस्तक घ्यायचे ठरवले होते, ते या संदेशापायी अडले. तोच संदेश मला नंतर आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून हे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

दावा थोडक्यात असा आहे. या खेळाची 'अर्धी' आवृत्ती निघाली की बरोबर पाच वर्षांनी पूर्ण नवी आवृत्ती येते. १९९५नंतर २००० साली तिसरी, २००३नंतर २००८ साली चौथी, २०१०नंतर २०१४ साली पाचवी. २०२४ची पुस्तके म्हणजे साडेपाचवी आवृत्ती, म्हणून सहावी ऑगस्ट २०२९मध्ये येणार. पुरावा म्हणून दोन प्रमुख रचनाकारांनी खेळाची कंपनी, म्हणजे 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट', सोडल्याचे आणि पुस्तके दुकानांतून गायब होत असल्याचे सांगितले आहे. निष्कर्ष असा की आज पुस्तक घेणारा पैसे पाण्यात घालतो, कारण नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते.

२०१० ते २०१४ ही चार वर्षे होतात. 'बरोबर पाच' म्हणणाऱ्याने तिसऱ्याच उदाहरणात एक वर्ष पदरचे घातले आहे, पण ते सोडून देऊ. खरी गोम 'अर्धी' या शब्दात आहे. २००३ साली कंपनीने तीनही मुख्य पुस्तके सुधारून पुन्हा काढली आणि त्यांना स्वतःच ३.५ म्हटले, तेव्हा ती अर्धी आवृत्ती खरीच. २०१०ची 'एसेन्शियल्स' मालिका मात्र नवख्यांसाठी होती आणि चौथ्या आवृत्तीच्या पुस्तकांसोबत वापरता येईल अशीच ती मांडली होती. १९९५ साली तर दुसऱ्या आवृत्तीचीच पुस्तके नव्या मुखपृष्ठांनी आणि नव्या मांडणीने छापली गेली, आणि जोडीला पर्यायी नियमांची काही पुस्तके आली. तीन वेगळ्या जातींच्या गोष्टींना मागाहून एकच नाव दिले की त्यांच्यातले अंतर सारखे दिसू लागते. 'एसेन्शियल्स' अर्धी आवृत्ती ठरत असेल, तर पात्राच्या क्षमतांचे गुण वंशानुसार कसे द्यायचे हा मूलभूत नियमच सैल करणारे २०२०चे 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' हे पुस्तक का ठरू नये? मग २०२४ची पुस्तके हीच सहावी आवृत्ती ठरली आणि २०२९चा मुहूर्त चुकला, असे म्हणावे लागेल.

शिवाय प्रत्येक वेळचे कारण निराळे आहे. मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाली, छपाईची बिले भागेनात, आणि १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. २०००ची तिसरी आवृत्ती या नव्या मालकाची होती. टीएसआर तरली असती तर २००० साली काय आले असते, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीमागे चौथीची निराशा होती, कारण ती पुष्कळ जुन्या खेळाडूंच्या पचनी पडली नाही आणि ते ३.५चेच नियम पुढे नेणाऱ्या पायझो कंपनीच्या 'पाथफाइंडर'कडे गेले. २०२४ची पुस्तके खेळाच्या पन्नासाव्या वर्षाचे निमित्त साधून आली, कारण पहिली पेटी १९७४ची. दिवाळे, निराशा आणि सुवर्णमहोत्सव यांना एका सूत्रात ओवणे हा काकतालीय न्याय झाला.

रचनाकारांचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स २०२५ साली गेले हे खरे, पण ते नवी पुस्तके हातावेगळी करून गेले. उलट माँटी कुक २०१२ साली पाचव्या आवृत्तीचे काम ऐन रंगात असताना बाहेर पडले आणि तरी ती आवृत्ती आली. आणि पुस्तके गायब होण्याबद्दल काय बोलावे? आपल्याकडे ही पुस्तके आयात होऊन येतात, मधले महिने ती मिळत नाहीत, आणि इथल्या रिकाम्या फळीवरून अमेरिकेतल्या कंपनीचे मन ओळखायचे असेल तर सहावी आवृत्ती दर पावसाळ्यात यायला हवी होती.

मला खरा राग आहे तो 'रद्दी' या शब्दाचा, कारण त्याने पाच मुलांचा खेळ थांबवला. यातला अर्धा भाग खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. चौथी आवृत्ती ऑगस्ट २००७मध्ये 'जेन कॉन' या खेळांच्या मेळाव्यात जाहीर झाली आणि जून २००८मध्ये बाजारात आली. तिचे नियम ३.५शी जुळत नव्हते, त्यामुळे जुलै २००७मध्ये ज्याने तीन जाड पुस्तके घेतली त्याला चुटपुट लागली असणारच. पण त्याची पुस्तके रद्दीत गेली का? माझ्याकडे ३.५च्या हँडबुकची एक प्रत आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेली, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. आधीच्या मालकाने चोरकामाच्या कौशल्यांपुढे पेन्सिलीने आपल्या हाफलिंगचे, म्हणजे बुटक्या जमातीतल्या पात्राचे, गुण लिहून ठेवले आहेत. तिच्यावर आम्ही सलग दोन वर्षे एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत पुढे सरकणारी एकच साहसकथा, खेळलो. खुद्द विझर्ड्सने २०१२ साली पहिल्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीची १९७०च्या दशकातली पुस्तके पुन्हा छापून विकली. जे रद्दी आहे ते कोणी तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा छापत नाही.

पाचव्या आवृत्तीची तर गोष्टच वेगळी आहे. इतरांना या नियमांवर आधारलेले साहित्य छापू देणारा परवाना कडक करण्याच्या बेतावरून जानेवारी २०२३मध्ये खेळाडू खवळल्यावर कंपनीने माघार घेतली आणि २७ जानेवारीला नियमांचा गाभा, म्हणजे 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१', क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय दिले की कोणालाही वापर करू देणाऱ्या, परवान्याखाली खुला केला. हा परवाना अटी पाळणाऱ्याकडून मागे घेता येत नाही. उद्या सहावी, सातवी, आठवी आवृत्ती आली तरी या नियमांवर कोणीही साहस लिहू शकतो, छापू शकतो आणि विकू शकतो. संदेश लिहिणाऱ्याने हे एक कलम वाचले असते तरी 'रद्दी' हा शब्द त्याला खोडावा लागला असता.

नव्या आवृत्तीचा अंदाज बांधायचाच असेल तर तारखांच्या अंतरापेक्षा पूर्वसूचनेकडे पाहावे. तिसरी आवृत्ती येण्याआधी बारा महिने जाहीर झाली होती, चौथी दहा महिने. पाचवीची घोषणा जानेवारी २०१२मध्ये झाली, मे महिन्यात नियम जाहीर चाचणीसाठी सर्वांना मिळाले आणि हँडबुक ऑगस्ट २०१४मध्ये आले, म्हणजे एकतीस महिने. २०२४च्या पुस्तकांची पहिली वाच्यता सप्टेंबर २०२१मध्ये झाली, ऑगस्ट २०२२पासून जाहीर चाचणी चालली आणि हँडबुक सप्टेंबर २०२४मध्ये हाती पडले, म्हणजे छत्तीस. गेल्या दोन्ही वेळा खेळाडूंना दोन वर्षे आधी कच्चे नियम वाचायला मिळाले. माझा तर्क असा की अशी चाचणी सुरू होत नाही तोवर सहाव्या आवृत्तीची धास्ती घेण्याचे कारण नाही. हाही तर्कच आहे, फक्त त्यात वर्षे पदरची घातलेली नाहीत.

भाच्याला मी कळवले की थांबू नका, २०२९पर्यंत तुमच्यातले निम्मे शिक्षणासाठी पांगलेले असतील. पुस्तक मात्र पाचांनी मिळून एकच ठरवा, २०१४चे किंवा २०२४चे. २०१४च्या नियमांत औषधाची कुपी पिण्यात पूर्ण अॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, खर्च होते, २०२४च्या नियमांत ती बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीत, पिता येते, आणि दोन झेरॉक्समधल्या एवढ्याच फरकावरून गेल्या रविवारी त्यांचा अर्धा तास भांडणात गेला होता.