टर्बो बदलल्यावर बॉनेटखालून धूर : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की शनिवारी साताऱ्यात आमच्याकडून स्विफ्ट डिझेलला नवीन टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) बसवून घेतला, रविवारी मुलाबाळांना घेऊन कासला निघालात आणि यवतेश्वरच्या घाटात बॉनेटखालून धूर आला. म्हणजे टर्बो डुप्लिकेट, पैसे परत द्या. धुराचं खरं आहे आणि त्यात चूक आमची आहे. टर्बोचं मात्र खरं नाही. परवा गाडी न्यायला आलात तेव्हा समोर बोललोच, पण रिव्ह्यू इथे आहे म्हणून उत्तरही इथेच.

सायलेन्सरमधून निळा धूर असता तर टर्बोच्या सीलवर, नाहीतर इंजिनाच्या बॅक कॉम्प्रेशनवर (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस) संशय घेतला असता. तुमचा धूर बॉनेटखालून होता, जळक्या ऑइलच्या वासाचा. कूलंट असतं तर वास गोडसर आला असता. म्हणजे ऑइल बाहेर पडून गरम लोखंडावर जळत होतं.

टर्बो बदलल्यावर सुरुवातीला थोडा धूर येतो. जुना टर्बो सोडवताना पाइपातलं ऑइल मॅनिफोल्डवर (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग), हीट शील्डच्या आत सांडतं, कितीही पुसलं तरी कोपऱ्यात राहतं आणि गाडी तापली की जळून जातं. गाडी देताना हे सांगायला हवं होतं, कोणी सांगितलं नाही. मंगळवारी गाडी टो होऊन आली तेव्हा मीही आधी हेच धरून चाललो होतो.

सगळं धुऊन, हवा मारून कोरडं केलं आणि अर्धा तास आयडलवर ठेवलं. टिपूसही नाही. शनिवारी आम्ही गाडी अशीच उभ्या उभ्या तपासून दिली, तिथेच फसलो. गरम इंजिनाला आयडलवर ऑइलचं प्रेशर कमी असतं, घाटात खालच्या गिअरमध्ये आरपीएम चढले की ते वाढतं. म्हणून मी स्वतः गाडी यवतेश्वरला चढवली आणि वर थांबून बॅटरी मारली. टर्बोला ऑइल देणाऱ्या पाइपाच्या बँजो बोल्टखालून (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) ओली रेघ निघाली होती, थेट टर्बोच्या गरम हाउसिंगपर्यंत, म्हणजे बाहेरच्या कवचापर्यंत.

त्या बोल्टला तांब्याचे दोन वॉशर असतात. एकदा आवळून दबले की पुन्हा वापरायचे नसतात. वरचा नवीन होता, खालचा जुनाच. किटमधला दुसरा नवीन वॉशर आमच्याच ट्रेमध्ये सापडला. बसवला पोराने, पण काम झाल्याची सही माझी आहे, त्यामुळे त्याला बोल लावणार नाही.

डुप्लिकेटचा संशय आला यात नवल नाही. हे 1.3 डिझेल इंजिन मूळ फियाटचं, इंडिका व्हिस्टालाही तेच, आणि त्याचे टर्बो बाजारात नाना तऱ्हेचे मिळतात. पण दुसऱ्या मिस्त्रींनी इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) पाइपातलं ऑइल दाखवून "नवा टर्बो गेला" म्हणून सांगितलं, ते ऑइल जुन्या टर्बोचं आहे. इंटरकूलर आम्ही उतरवून निथळला होता, तरी आत थर राहतोच. नव्या टर्बोचा शाफ्ट तुम्ही हाताने हलवून पाहिलात: बाजूला किंचित खेळ, तेवढा असतोच, मागेपुढे जाणवण्याइतका नाही. जुन्याचा पंखा हाउसिंगला घासून झिजलाय, तोही पाहिलात.

त्यामुळे टर्बोचे पैसे परत करणार नाही. आमची पूर्ण मजुरी, टोचं बिल आणि त्या मिस्त्रींना दिलेले पैसे, हे सगळं परत केलं आहे.

एक सांगतो, राग मानू नका. घाटात गाडी लगेच थांबवलीत हे बरोबर केलंत. पण बाटलीतलं पाणी टर्बोवर ओतलंत ते पुन्हा करू नका, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) पाण्याने तडकतं. हाउसिंग तपासलं, तडा नाही, नशीब. असं झालं तर इंजिन बंद करायचं, मुलांना लांब न्यायचं, आणि ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडायचंच नाही.

500 किलोमीटर झाले की गाडी एकदा आणा, जॉइंट आणि ऑइलची लेव्हल बघतो, पैसे लागणार नाहीत. जुना टर्बो आणि तो दबलेला वॉशर काउंटरवर ठेवलाय. ज्याला बघायचं असेल त्याने यावं.