सातबारा कोरा असला म्हणून?

जमीन किंवा घर घेताना वकील हवा का, यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'एजंट कागद करतो, रजिस्ट्रार नोंदवतो, बँक कर्ज देते. मध्ये वकील घुसवायचा तो फी उकळायलाच,' असं तुम्ही म्हणता. फीबद्दल अगदीच चूक नाही तुमचं. जुन्या सर्च रिपोर्टवर (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) नुसती नावं बदलून सही ठोकणारे वकीलबंधू मीही पाहिलेत.

पण विकणारा खरंच एकटा मालक आहे का, हे यातलं कोण बघतं? दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क पाहतो, ओळख पटवतो, फोटो-अंगठे घेतो. मालकीच्या खोलात तो शिरत नाही. बँकेचा पॅनल वकील अहवाल लिहितो तो बँकेसाठी. उद्या जमीन वादात अडकली तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार. आणि एजंटाचं कमिशन सौदा झाला तरच.

मागे एक शेतकरी जोडपं आलं. दीड एकर घ्यायची होती, साठेखत (खरेदीखताआधीचा करार) टाइप झालेलं, इसार तेवढा द्यायचा राहिला होता. सातबारा कोरा करकरीत. दोघे भाऊ मालक, बोजा नाही. मी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कधी-कशी बदलली त्याच्या नोंदी, मागवल्या. १९९४ च्या वारसनोंदीत मयताला दोन मुलगे, तीन मुली, आणि पुढे ओळ: 'बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा जबाब दिला.' खाली तीन अंगठे, तिन्ही सारखेच तिरके. (माझा संशय तुम्हाला कळला असेल.) नोंदणीकृत हक्कसोडपत्र शोधलं, सापडलं नाही. फेरफार ही महसुली नोंद. तिने कुणाची मालकी जात नाही. इथे मुलींना मुलांइतकाच हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंतही जावं लागत नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुली वडिलांच्या हिश्श्याच्या वारस.

पेपरात जाहीर नोटीस दिली. एरवी तिला कुत्रं विचारत नाही, पण ही धाकट्या बहिणीच्या मुलाने वाचली आणि तो थेट ऑफिसात आला. सौदा दोन महिने लांबला. एजंट गावभर सांगत सुटला, वकिलाने मोडता घातला. शेवटी खरेदीखतावर तिन्ही बहिणींच्या सह्या झाल्या, धाकटीने हिश्श्याचा चेक घेऊनच केली.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) असताना वकील कशाला, हा. नोंदणीकृत प्रकल्पातल्या नव्या फ्लॅटला आमचं काम कमी, हे मान्य. करारनामा बराचसा ठरल्या नमुन्यातला, जमिनीच्या मालकीचा अहवालही वेबसाइटवर असतो. तिथे तुम्ही स्वतः वाचलंत तरी चालेल. फक्त पार्किंगचं कलम सावकाश वाचा.